पंधरा दिवसांत हरकती कळवाव्यात

हिंगोलीत बदली होऊन मी खोली शोधत फिरत होते, तेव्हा शाळेतल्या शिपायानं एक पत्ता सांगितला. "मॅडम, नळाच्या गल्लीत जा. ज्या घरावर रंगाचे चौकोन चौकोन दिसतेन तेच घर. चुकायचं म्हटलं तरी चुकणार न्हाई."

चुकले नाही. सगळी गल्ली रंगवलेली आणि मधोमध हे एकच घर नुसत्या सिमेंटच्या गिलाव्यावर उभं. त्या गिलाव्यावर हातभर लांबीरुंदीचे रंगाचे चौकोन, ओळीनं, एकूण सतरा. प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलीनं नंबर, तारीख आणि हवामान. 'ऊन.' 'ढगाळ.' 'लाईट गेलेली.' शेवटच्या चौकोनाशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक कागद चिकटवलेला. अक्षर सुरेख होतं. 'अनुक्रमांक सतरा, दर्शनी भिंत. सदर रंगाबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.' खाली सही.

मी ते वाचत होते तोच मागून आवाज आला, "हरकत हाय का?"

वळून बघितलं. साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ. कानाला पेन्सिल, काखेत वही.

"नाही हो, मी खोली बघायला आले."

"खोली वर हाय. ती कुठं पळून जाती? आधी सांगा, हा सतरा नंबर तुमाला कसा दिसून राहिला?"

"बरा आहे."

"बरा म्हंजे चांगला, का बरा म्हंजे चालंल?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "चालेल."

त्यांनी वही उघडून लिहून घेतलं, 'संभाव्य भाडेकरू, चालेल.' मग आत तोंड करून हाक मारली, "अवं, खोलीसाठी मॅडम आल्यात. हरकत न्हाई म्हणतेत."

त्या घरात मी चार वर्षं राहिले. त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली होती. शेत मोजायचं, खुणा रोवायच्या, शेजारच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यायची, मुदत संपेपर्यंत थांबायचं, हरकत आली तर ऐकून घ्यायची, आणि मगच हद्द कायम करायची. निवृत्त झाल्यावर माणसं गळ्यातली टाय सोडतात, कोणी घड्याळ सोडतं. काकांनी काहीच सोडलं नाही. घराला नवीन स्लॅब टाकून गिलावा झाला आणि रंग-फरशी निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सगळा कारभार खात्याच्या रीतीनं चालू केला.

"बांध हातभर सरकला की दोन भाऊ जन्मभर बोलत न्हाईत, मॅडम," ते मला म्हणायचे. "मी डोळ्यांनी बघितलंय. घाईत केलेलं काम मागून मोजता येतं, पर मागं घेता येत न्हाई."

मी स्वतः पाच मिनिटांत ड्रेस घेणारी आणि वर्षभर त्याच्यावर चडफडणारी बाई. त्यामुळं त्यांच्यापुढं माझं फारसं चालायचं नाही.

सुरुवातीला गल्लीतल्या लोकांनी उत्साहानं हरकती दिल्या म्हणे. समोरच्या घरवाल्यानं लिहून दिलं, की चौथ्या नंबरचा गुलाबी रंग दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात येतो आणि भात गुलाबी दिसतो. काकांनी ओट्यावर रीतसर सुनावणी घेतली, चहा पाजला, समोरच्या स्वयंपाकघरात जाऊन भात बघितला आणि हरकत मान्य केली. पण पाच-सहा रंगांनंतर लोक कंटाळले. कोणी हरकत देईना. आता तरी रंग कायम होईल असं सगळ्यांना वाटलं. तर चौदाव्या दिवशी एक हरकत आली. ती काकांचीच होती. त्यांनी ती लेखी दिली, स्वतःच दाखल करून घेतली, ओट्यावर बसून स्वतःचं म्हणणं ऐकलं आणि अर्जदाराच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून प्रत्येक मुदतीच्या चौदाव्या दिवशी हेच.

रंगाच्या दुकानातली नावं त्यांना मंजूर नव्हती. शेड कार्डवर इंग्रजीत काहीतरी वाळवंट, धुकं, पहाट असं छापलेलं असायचं. काका ते खोडून वहीत आपली नावं लिहायचे. सात नंबर 'तुरीचं वरण'. अकरा नंबर 'सोयाबीनचा भुसा'. बारा नंबर 'शिळी भाकर'. एकोणीस नंबर 'पावसात उभी म्हैस'. दुकानदारालाही हळूहळू तीच भाषा आली. एकदा मी काकांबरोबर गेले होते तर तो आतल्या माणसाला ओरडून सांगत होता, "अरे, काकांची म्हैस एक लिटर बनव, जरा फिक्की." शेजारी एक नवरा-बायको रंग घ्यायला आले होते, ते गुपचूप उठून गेले.

फरशीचं तर विचारूच नका. टाइलच्या दुकानात शिरल्या शिरल्या काका चपला काढायचे. "फरशी दुकानात उभी असती आणि घरात आडवी," ते म्हणायचे. "उभी बघून घेणारा फसलाच." मग दुकानदाराला टाइल खाली मांडायला लावायची. तिच्यावरून अनवाणी, डोळे मिटून, चार पावलं जायचं, चार पावलं यायचं. मग पिशवीतून स्टीलचा डबा निघायचा. त्यात घरचं वरण. चमचाभर वरण टाइलवर ओतायचं, शेजारी चिमूटभर हळद-कुंकू पाण्यात कालवून ठेवायचं आणि दहा मिनिटं घड्याळ लावून बसायचं. मग फडक्यानं पुसून डाग राहतो का बघायचं. पहिल्या खेपेला दुकानदार भडकला होता. पुढं पुढं तो म्हणायचा, "काका, भाकरी पण आणत जा. इथंच जेवून घ्या."

डागावर त्यांचा फार राग. घरात काकूंना ताकीद होती, की हळद लागलेला हात भिंतीला लागता कामा नये, नमुना बिघडतो. देवाची पूजा झाली की काकू हाताचं कुंकू पुसायला अंगणात नळावर जायच्या.

श्रावणात आम्ही तिघं औंढ्याला गेलो. मी आणि काकू दर्शनाच्या रांगेत, काका बाहेर. तासाभरानं येऊन बघतो तर काका पायऱ्यांशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं बघत होते. कोण घसरतंय, कोण चटक्यानं उड्या मारतंय, सगळं वहीत.

"देवाकडं पाठ करून बसलेत," काकू म्हणाल्या. "नागनाथानं तरी ह्यायला सांगावं, की ठरव बाबा एकदाचं."

पण खरी गंमत झाली ती कनेरगाव नाक्याला. वाशीमहून एक लग्न आटोपून आम्ही एसटीनं परत येत होतो. गाडी नाक्यावर थांबली आणि काका खिडकीतून ढाब्याच्या आतल्या भिंतीकडं बघतच राहिले. खाली उतरले. मी मागोमाग. काकांनी ढाब्याच्या भिंतीला हात लावला, वास घेतला, मग खिशातला छोटा चाकू काढून पोपडा खरवडू लागले. ढाबेवाला धावत आला. कानाला पेन्सिल, काखेत वही, भिंत खरवडणारा माणूस म्हटल्यावर कोणीतरी तपासणीला आलंय असं त्याला वाटलं.

"साहेब, आधी बसा तर खरं. चहा घ्या. सगळे कागद बराबर हायेत."

"कागद ठेवा तुमचे. हा रंग कुठून आणला ते सांगा."

"रंग?" ढाबेवाल्यानं भिंतीकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "साहेब, हे पहिलं पांढरं होतं. चुलीच्या धुरानं असं झालं."

"किती वर्षं लागली?"

"बारा-तेरा तर सहज."

काकांनी पुन्हा भिंतीकडं बघितलं. ते मनात हिशेब करत होते हे मला स्पष्ट दिसलं. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला नसता तर त्यांनी त्याच्याकडून धुराची माहिती लिहून घेतली असती. गाडीत बसल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी चूल मांडा म्हणतेन आता."

रंग मारायला येणारा पेंटर हा या सगळ्यात अडकलेला दुसरा माणूस. दर दोन-तीन महिन्यांनी एक चौकोन मारायला तो यायचा. एकदा मला म्हणाला, "मॅडम, मैं काकाका पहला चौकोन मारा तब मेरे को चष्मा नहीं था. अब चष्मा लगा तो वो रंग अलगच दिख रा." काकांनी ते ओट्यावरून ऐकलं आणि गंभीरपणे वहीत नोंद केली, 'रंगाऱ्याची नजर बदलली. पहिले सहा नमुने रद्द.'

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू बुटक्या, मोठ्या आवाजाच्या आणि तोंडानं फटकळ. पण एका गोष्टीवर त्यांचा आवाज खाली यायचा. समोरच्या खोलीत पलंगाखाली एक पोतं होतं. मी राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात पलंग सरकवताना ते खणखणलं, म्हणून मी विचारलं.

"वाट्या हायेत," काकू म्हणाल्या. "संक्रांतीच्या वाणाच्या. एकशे एक."

जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून त्यांनी हौसेनं घेतल्या होत्या. ज्या वर्षी घराला गिलावा झाला त्या वर्षी त्यांना मोठं हळदीकुंकू करायचं होतं. काका म्हणाले, यंदा थांब, पुढल्या संक्रांतीला रंगवलेल्या घरात कर, दणक्यात कर. त्या थांबल्या. पुढल्या संक्रांतीला घर तसंच. त्याच्या पुढल्याही. मी आले तेव्हा चार संक्रांती झाल्या होत्या, नंतर माझ्यासमोर आणखी झाल्या. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांकडं काकू हळदीकुंकवाला जायच्या. गाळण्या, फण्या, डब्या, साबणाच्या पेट्या, सगळ्यांचं वाण घेऊन यायच्या, आणि परत कोणालाही बोलवू शकायच्या नाहीत. कोणीतरी हसत हसत म्हणायचंच, "काकू, तुमच्याकडं कव्हा?" काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "घर झालं की बोलावते." आणि घरी येऊन त्या दिवशी जेवायच्या नाहीत. हे मी बघितलेलं आहे. मला काकांचा तेव्हा मनापासून राग यायचा. माणूस इतका गमतीशीर असावा आणि त्याला घरातलं पोतं दिसू नये याचं मला नवल वाटायचं.

सातव्या वर्षी दिवाळी झाल्यावर काकांना झटका आला. ओट्यावर अनुक्रमांक तीसची सुनावणी चालू होती. अर्जदारही तेच, अधिकारीही तेच, चहा घ्यायला मी बसलेली. बोलता बोलता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पेन्सिल कानावरून पडली. शेजाऱ्याच्या गाडीतून नांदेडला नेलं. दोन स्टेंट टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं, तेव्हा काका डोळे उघडून भिंतीकडं बघत होते. नर्सला खुणेनं जवळ बोलावून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "हा हिरवा कुणी ठरवला?"

मी हसले, नर्सही हसली. काकू हसल्या नाहीत. त्या खाली बघून पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत काका पुन्हा वही घेऊन बसले. समोरच्या खोलीत त्यांनी नऊ प्रकारच्या टाइल्स वाळूवर नुसत्या मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येक प्रकाराचा एक पट्टा आणि प्रत्येक पट्ट्याला नंबर. त्या दुपारी मी दूध द्यायला खाली गेले होते. काका काकूंना सांगत होते, "डॉक्टरनं ताण घेऊ नका म्हटलंय. आता तर मुळीच घाई करायची न्हाई. तीस नंबरची मुदत वाढवतो."

काकूंनी पलंगाखालचं पोतं ओढलं आणि त्या टाइल्सवर उपडं केलं. एकशे एक वाट्यांचा जो आवाज झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. एक वाटी गोल गोल फिरत काकांच्या पायाशी येऊन थांबली.

"हे काय हाय?" काकूंनी विचारलं.

"वाट्या."

"कव्हाच्या?"

काकांनी ती वाटी उचलून उलटी करून बघितली.

"त्या दिवशी तुमाला काई झालं असतं, तर ह्या वाट्या म्या कोणाला वाटल्या असत्या? सांगा की. मला कोण बोलावणार होतं, आन् माझ्या घरी कोण येणार होतं? तुमच्या रंगाची मला घाई न्हाई. कुंकवाची हाय."

माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्याच्या पुढच्या संक्रांतीला आमच्याच घरी माझ्या चुलतीनं हळदीकुंकू केलं आणि माझी आई आत स्वयंपाकघरात बसून दुसऱ्यांसाठी तिळगुळाच्या वड्या पाडत होती. बाहेर ये म्हणून मी तिच्याशी भांडले, ती आली नाही. ही रीत मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण काकू काय म्हणाल्या ते मला लगेच समजलं आणि मला रडू आलं. दुधाचं पातेलं हातात होतं म्हणून डोळेही पुसता येईनात.

काका वाटी खाली ठेवून म्हणाले, "संक्रांतीपर्यंत ठरवतो."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "तुमी आता काईच ठरवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनी भिंतीवर, तीस नंबरच्या नोटिशीला लागूनच, आणखी एक कागद चिकटलेला होता. रेघांच्या वहीचं पान, अक्षर थोरलं आणि वाकडं. 'संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता या घरी हळदीकुंकू आहे. सगळ्या बायांनी यावे. घर हाय तसंच हाय. कोणाचीही हरकत ऐकली जाणार नाही.'

काका चष्मा लावून तो कागद दोनदा वाचून आले. मग जिना चढून माझ्या दारात उभे राहिले.

"मॅडम, ह्याच्यात मुदत दिलेली न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"म्हंजे अपील बी न्हाई."

"नाही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "अक्षर सुधारलंय तिचं," असं म्हणून खाली गेले.

त्यानंतर काकांनी रंगाचं नाव काढलं नाही. पण स्वस्थ बसणं त्यांना जमणारं नव्हतंच. त्यांनी वाट्या ताब्यात घेतल्या. सात वर्षांची धूळ, आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला घट्ट बसलेलं दुकानाचं लेबल. काका अंगणात पाटावर बसून खोबरेल तेलाच्या बोटानं एकेक लेबल भिजवायचे, नखानं काढायचे, राखेनं घासायचे आणि उन्हात ओळीनं पालथ्या घालायचे. चार दिवस हे चाललं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात दुसऱ्याचा हात नगं."

शुक्रवार आला. काकांना काकूंचं फर्मान होतं, घरात थांबायचं पण समोर यायचं नाही. ते स्वयंपाकघरात दाराच्या फटीशी स्टूल टाकून बसले. वही होतीच.

चारच्या सुमाराला बायका येऊ लागल्या. सात वर्षं ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्या आल्या, आणि ज्यांनी कधी विचारलं नव्हतं त्याही आल्या. गिलाव्याच्या भिंती, आत नऊ प्रकारच्या फरश्या, पाय ठेवला की कडकड वाजणाऱ्या. कोणी नाक मुरडेल अशी मला धास्ती होती. एकदोघी म्हणाल्याही, "अगं बाई, हे काय?" पण काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, नथ घातली होती, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की पुढं कोणी बोललं नाही.

जानेवारीतली थंडी. बायका आधी पांढऱ्या चकचकीत टाइलवर बसल्या. काकांची ती सर्वांत लाडकी, नंबर एक. बसल्या आणि "आई गं, बर्फ हाय की!" म्हणत उठल्या. दुसऱ्या पट्ट्यावर एकीचा पाय घसरला, ती शेजारणीला धरून बसली आणि दोघी हसत सुटल्या. सरकत सरकत सगळ्या चार नंबरच्या पट्ट्यावर जमा झाल्या. मातकट, खरबरीत, साधीसुधी फरशी. काकांनी ती 'दिसायला गरीब' असा शेरा मारून बाजूला ठेवली होती. एका पट्ट्यावर पंचवीस बायका दाटीवाटीनं बसल्या, बाकीचे आठ पट्टे रिकामे. वरण ओतून, अनवाणी चालून जे सात वर्षांत ठरलं नव्हतं ते अर्ध्या तासात ठरलं. मी वळून फटीकडं बघितलं. काका स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

काकू दारात उभ्या राहून एकेकीला हळदकुंकू लावत होत्या, वाटीत तिळगूळ घालून हातात देत होत्या. बोटं पार भरली होती. नळावर जायला वेळ कुठला? आठ-दहा बायका झाल्या आणि त्यांनी सहज, न बघता, हात मागं नेऊन दाराशेजारच्या भिंतीवर बोटं पुसली. तिथं बारा नंबरचा चौकोन होता, शिळी भाकर. पुसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, आणि मग मुद्दाम, सावकाश, पुन्हा एकदा बोटं पुसली. त्यानंतर त्यांना उलटं कुंकू लावणाऱ्या बायकाही तिथंच पुसू लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या चौकोनावर लाल-पिवळ्या बोटांची नुसती गर्दी झाली.

त्रेसष्ट वाट्या गेल्या. शेवटची बाई गेल्यावर काका बाहेर आले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. काका सरळ बारा नंबरच्या चौकोनासमोर जाऊन उभे राहिले. खिशात हात घातला, मला वाटलं आता फडकं निघतंय. निघाला चष्मा. तो लावून त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि चौकोनाखाली वाकून नेहमीसारखं लिहिलं. तारीख. हवामान, 'स्वच्छ'. आणि त्याच्यापुढं, त्या भिंतीवर पहिल्यांदाच, 'कायम'.

"ह्याच्यावर कुंकू बराबर दिसतं," ते म्हणाले.

वाटीत उरलेला तिळगूळ काकूंनी काकांच्या हातावर ठेवला.

पुढचं सगळं महिन्याभरात झालं. खाली चार नंबरची फरशी, भिंतींवर बारा नंबरचा रंग. पेंटर तर आनंदानं एक दिवस आधीच आला. एकतीस चौकोनांच्या जागा (शेवटचा त्यानं स्वतःच्या हौसेनं मारला होता) एका रंगाखाली गेल्या. फक्त दाराशेजारचा तो एक चौकोन काकांनी झाकू दिला नाही. "एवढा सोडून मार," म्हणाले. त्या बोटांवर त्यांनी क्लिअर वार्निशचे दोन हात मारून घेतले, कुंकू उडू नये म्हणून.

"काका, आप तो दाग के दुश्मन थे," पेंटर म्हणाला.

"दोन हात मार म्हटलं ना," काका म्हणाले.

मग माझी बदली झाली. आता मी परभणीत एक जुना फ्लॅट घेतलाय, आई माझ्याकडं असते. जुनी फरशी उखडून झाली, नवीन ठरत नाही. तीन रविवार दुकानांत गेले, दोन टाइल्सवर गाडी अडलीय. परवा शेवटी काकांना फोन लावला.

"आडवी बघितली का उभी?" त्यांनी विचारलं.

"आडवी."

"चप्पल काढून?"

"काढून."

"मग अडचण काय हाय?"

"दोन्ही आवडल्यात. ठरेना."

पंधरा दिवस थांबा म्हणतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "घरी पहिल्यांदा कोणाला बोलवायलात?"

"अजून कोणाला नाही, काका. घर झालं की बोलावीन," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर ते मला ऐकू आलं.

तिकडं झटापट झाली. फोन काकूंच्या हातात गेला. "लेकरू, काय म्हणलीस? पुन्हा म्हण."

मी जीभ चावली.

"आमी रविवारी येऊन राहिलो," काकू म्हणाल्या. "अडतीस वाट्या उरल्यात. शेजारपाजारच्यांना सांगून ठेव."

फोन ठेवून मी आत गेले. आई गहू निवडत बसली होती. तिला सांगितलं, रविवारी हळदीकुंकू आहे आणि या खेपेला ती स्वयंपाकघरात बसणार नाही, बाहेरच्या खोलीत माझ्याशेजारी बसणार आहे.

आईनं गव्हातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "अगं पण तिथं अजून फरशी कुठाय?"

"सतरंजी टाकू," मी म्हटलं.